सेरेंडिपिटी: अर्धा अर्थ सांडलेला शब्द

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतींचा हंगाम सुरू झाला की आमच्या लॅबमध्ये ज्युनिअर मंडळींची ये-जा वाढते. 'दादा, जरा एसओपी वाचून दे ना' ही विनंती ठरलेली. यंदा पाच जणांच्या एसओपी वाचल्या आणि त्यांतल्या तिघांमध्ये एकच शब्द भेटला: सेरेंडिपिटी. एकाने तो पेनिसिलिनबद्दल वापरला होता, एकीने स्वतःच्या एमएस्सीच्या प्रोजेक्टबद्दल, आणि एकाने तर वेटिंग लिस्ट पुढे सरकून आपल्याला प्रवेश कसा मिळाला ते सांगताना.

हसू नका. मीही हेच केलेलं आहे, आणि तेही समितीसमोर. दुसऱ्या वर्षाच्या प्रोग्रेस प्रेझेंटेशनमध्ये एका स्लाइडवर थांबून मी जरा ऐटीतच म्हणालो, की हा परिणाम आम्हाला सेरेंडिपिटीने मिळाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही नेमकं काय केलंत?" मी म्हटलं, "सर, म्हणजे ते तसं आपोआपच दिसलं." यावर ते म्हणाले, "मग पेपरवर पहिलं नाव 'आपोआप' यांचं घालायचं का?"

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री होस्टेलवर आल्यावर लक्षात आलं, की तीन आठवडे खपून, बॅचेसच्या नोंदी पुन्हा पुन्हा ताडून जे काम मी केलं होतं, ते एका शब्दाने मीच पुसून टाकलं होतं. तेव्हा हा शब्द आला कुठून आणि त्याचा अर्थ काय, हे शोधायला बसलो. आजचा लेख त्या शोधाबद्दल आहे. मुलाखतीला जाण्यापूर्वी वाचून ठेवा, उपयोगी पडेल.

बहुतेक शब्द कधी जन्माला आले ते सांगता येत नाही. या शब्दाची मात्र जन्मतारीख ठाऊक आहे: २८ जानेवारी १७५४. त्या दिवशी लंडनहून होरेस वॉलपोल नावाच्या गृहस्थाने फ्लॉरेन्समध्ये ब्रिटिश प्रतिनिधी असलेल्या होरेस मान या मित्राला पत्र लिहिलं. वॉलपोल म्हणजे पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांचा धाकटा मुलगा. खाऊनपिऊन सुखी, जुन्या वस्तू जमवणारा, आणि पत्रं लिहिण्याचं भयंकर व्यसन असलेला माणूस. मानने त्याला बियांका कापेल्लो या टस्कनीच्या ग्रँड डचेसचं एक चित्र भेट पाठवलं होतं. वॉलपोल व्हेनिसच्या घराण्यांच्या मानचिन्हांचं एक जुनं पुस्तक चाळत असताना त्याला कापेल्लो घराण्याच्या चिन्हात मेदिची घराण्याची एक खूण दिसली. या शोधावर खूश होऊन त्याने मित्राला कळवलं, की अशा प्रकारच्या शोधाला मी सेरेंडिपिटी म्हणतो.

मग हा शब्द समजावताना त्याने पूर्वी वाचलेल्या एका बालिश गोष्टीचा हवाला दिला. सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांची गोष्ट. हे राजपुत्र प्रवास करताना न शोधलेल्या गोष्टींचे शोध लावत असतात. कशाच्या बळावर? इथे वॉलपोलने दोन शब्द जोडीने वापरले आहेत: एक अपघात, आणि दुसरा चाणाक्षपणा. दोन्ही हवेत. शिवाय तिसरी अट अशी, की जे सापडलं ते तुम्ही शोधत असता कामा नये. शोधत होतात तेच मिळालं तर ते या शब्दात बसत नाही, हेही त्याने त्याच पत्रात बजावलं आहे.

आता मूळ गोष्ट बघू. तुम्ही ती लहानपणी कोणत्या ना कोणत्या रूपात ऐकली असणार. तिघे राजपुत्र वाटेने जात असतात. एक उंटवाला भेटतो, त्याचा उंट हरवलाय. राजपुत्र विचारतात, तो एका डोळ्याने आंधळा होता का? एक दात पडलेला होता का? एका पायाने लंगडा होता का? पाठीवर एका बाजूला लोणी आणि दुसऱ्या बाजूला मध होता का? वर एक गरोदर बाई बसली होती का? सगळं बरोबर निघतं, आणि साहजिकच उंटवाल्याला वाटतं की चोर हेच. प्रकरण बादशहापर्यंत जातं, तिघे तुरुंगात पडतात. पुढे उंट दुसरीकडे सापडतो आणि सुटका होते. मग ते खुलासा करतात. वाटेच्या एका बाजूचं गवत वाईट असूनही त्याच बाजूचं खाल्लेलं होतं, म्हणजे दुसरी बाजू उंटाला दिसत नव्हती. चघळून पडलेल्या गवताचे गोळे दाताएवढे होते. एका पायाचा ठसा फरफटलेला होता. एका कडेला मुंग्यांची रांग, दुसऱ्या कडेला माश्या. आणि जिथे बाई उतरली होती तिथे उठताना तिने जमिनीवर टेकलेल्या हातांचे ठसे होते.

वॉलपोलला ही गोष्ट नीट आठवत नव्हती. पत्रात त्याने उंटाचं खेचर करून टाकलंय. पेपर वर्षापूर्वी वाचून आता आठवणीतून सायटेशन देणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पण मला खटकलं ते वेगळंच. या गोष्टीत अपघात कुठे आहे? राजपुत्र त्या वाटेने गेले एवढाच. त्या वाटेने दिवसभरात आणखीही माणसं गेली असणार. गवत सगळ्यांना दिसलं, मुंग्या सगळ्यांच्या पायाखाली आल्या. बाकी सगळा मामला आपल्याकडे ज्याला 'माग काढणं' म्हणतात त्याचा आहे. ज्या गोष्टीवरून हा शब्द निघाला, त्या गोष्टीत नशीब चिमूटभर आणि निरीक्षण पोतंभर आहे.

गोष्टीचा स्वतःचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. ती युरोपात पोचली १५५७ मध्ये, व्हेनिसला छापलेल्या एका इटालियन पुस्तकातून. मिकेले त्रामेझ्झिनो हा प्रकाशक, आणि फारसीतून भाषांतर करणारा म्हणून नाव क्रिस्तोफोरो आर्मेनो याचं. या कथेचा जुना धागा सापडतो तो आपल्या दिल्लीत: अमीर खुसरोच्या 'हश्त बिहिश्त' या सुमारे १३०२ च्या फारसी काव्यात. आणि सेरेंडिप म्हणजे सरनदीब, अरबी-फारसी लोकांनी श्रीलंकेला दिलेलं नाव, जे संस्कृत 'सिंहलद्वीप'वरून आलं असं मानतात. म्हणजे सिंहलद्वीप, सरनदीब, सेरेंदिप्पो, सेरेंडिप आणि मग सेरेंडिपिटी. यात छाती फुगवण्यासारखं काही नाही, पण इंग्रजी स्पेलिंगला घाबरणाऱ्यांना शब्द जरा घरचा वाटेल म्हणून सांगितलं.

वॉलपोलच्या पत्राच्या सात वर्षं आधी, १७४७ मध्ये, व्हॉल्टेअरने 'झादिग' या आपल्या कथेत असाच प्रसंग घातला. तिथे उंटाऐवजी राणीची कुत्री आणि राजाचा घोडा आहे, बाकी मामला तोच. न पाहिलेल्या प्राण्याचं वर्णन, चोरीचा आळ, मग खुलासा. आणि १८८० मध्ये टी. एच. हक्सली या जीवशास्त्रज्ञाने झादिगच्या पद्धतीवर एक अख्खं व्याख्यान लिहिलं. त्याचं म्हणणं होतं की भूशास्त्र, पुरातत्त्व, जीवाश्मविज्ञान ही सगळी शास्त्रं असंच काम करतात: आज दिसणाऱ्या खुणांवरून मागे घडलेल्या गोष्टीकडे जातात. बघा कशी गंमत आहे. एकाच घराण्यातल्या दोन गोष्टी. एकीतून हक्सलीने 'पद्धत' उचलली, आणि दुसरीतून आलेल्या शब्दाचा आपण आज 'नशीब' असा अर्थ करतो.

हे झालं कसं? शब्द जन्मल्यावर ऐंशीएक वर्षं तो पत्रातच पडून होता, कारण मानला लिहिलेली ती पत्रं छापली गेली १८३३ मध्ये. नंतरही फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८७५ मध्ये एडवर्ड सॉली नावाच्या माणसाने 'नोट्स अँड क्वेरीज' या नियतकालिकात तो वर काढला. सॉली पेशाने रसायनशास्त्रज्ञ, पण नाद जुन्या पुस्तकांचा. त्यामुळे शब्द आधी मुरला तो पुस्तकं आणि जुन्या वस्तू जमवणाऱ्या लोकांत. माझा अंदाज असा, की अर्थाची गळती इथूनच सुरू झाली असावी. जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात दुर्मीळ प्रत हाताला लागणं यात हुशारी असतेच, पण सांगताना माणूस 'काय योग बघा!' असंच सांगतो. यात फुशारकी वाटत नाही, आणि गोष्टही रंगते.

विज्ञानाच्या लोकांत हा शब्द रुजवण्याचं श्रेय बरंचसं वॉल्टर कॅनन या हार्वर्डच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाला जातं. १९४५ मध्ये आलेल्या त्याच्या 'द वे ऑफ ॲन इन्व्हेस्टिगेटर' या पुस्तकात सेरेंडिपिटीवर एक प्रकरणच आहे. कॅननला याचा अनुभव होता. तरुणपणी तो क्ष-किरणांनी मांजरांच्या पोटाची हालचाल बघायचा. मांजर घाबरलं किंवा चिडलं की हालचाल थांबायची. पचनाचा अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीने हा निव्वळ व्यत्यय. कॅननने त्या व्यत्ययालाच प्रश्न केलं आणि भीती-संतापाचं शरीरशास्त्र हा त्याच्या पुढच्या कामाचा गाभा बनला.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याला हा शब्द भेटला तो शब्दकोशात भलताच शब्द शोधताना, आणि त्याने त्याचा पिच्छाच पुरवला. बर्नार्ड बार्बरबरोबर त्याने या एका शब्दाच्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. १९५८ मध्ये हस्तलिखित तयार होतं, पण बाजूला राहिलं ते राहिलंच. इटालियनमध्ये ते २००२ साली आलं आणि इंग्रजीत २००४ साली. तोवर मर्टन हयात नव्हता. (थीसिस रखडलाय म्हणून रडणाऱ्यांनी एवढं लक्षात असू द्या.) त्या दोघांना १९५८ पर्यंतच्या छापील मजकुरात हा शब्द मोजून १३५ वेळा सापडला होता. त्यानंतर मात्र त्याचा महापूर आला. मॅनहॅटनमध्ये १९५४ मध्ये याच नावाचं एक कॅफे निघालं होतं. २००१ मध्ये याच नावाचा सिनेमा आला, आणि त्यात तर चाणाक्षपणाचा पत्ताच नाही. दोन माणसं पुन्हा भेटतील की नाही हे नियतीवर सोडून देतात, आणि त्याला सेरेंडिपिटी म्हणतात! वॉलपोलच्या शब्दातला दुसरा पाय तोवर पुरता गळून पडला होता.

आपण मराठीत हा शब्द समजावतो तेव्हा तर आणखीच गोंधळ होतो, कारण आपल्याकडचे योगायोगाचे शब्द मुळातच एकपायी आहेत. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' ही म्हण घ्या. संस्कृतातला काकतालीय न्याय तोच: कावळा ताडावर टेकला आणि तेवढ्यात फळ पडलं. दुसरा घुणाक्षर न्याय: किडा लाकूड पोखरत जातो आणि मागे चुकून एखादं अक्षर उमटतं. या दाखल्यांचा सगळा रोख असा, की कावळ्याला श्रेय देऊ नका आणि किड्याला लिहिता येतं असं समजू नका. ते अगदी रास्त आहे. पण सेरेंडिपिटीत किडा महत्त्वाचा नाही. लाकूड बघून 'अरे, हे अक्षर आहे!' असं म्हणणारा जो कुणी आहे, तो महत्त्वाचा. त्याच्यासाठी 'सुखद योगायोग' हे भाषांतर चालणार नाही.

इथवर सगळं शब्दांबद्दल झालं. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. ती सशांच्या कानांची आहे.

१९५८ मध्ये बार्बर आणि रेने फॉक्स या दोघांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी'मध्ये एक पेपर लिहिला. पेनिसिलिनची गोष्ट सगळेच सांगतात. त्यात अडचण अशी, की ज्यांना बुरशी दिसूनही काही सुचलं नाही, त्यांची मुलाखत कुणी घेतलेली नाही. बार्बर आणि फॉक्स यांना मात्र अशी जोडी मिळाली: दोन शास्त्रज्ञ, दोघांना दिसलेली एकच विचित्र गोष्ट, आणि शोध लागला तो एकालाच. दोघेही न्यूयॉर्कमध्ये, दोघेही नावाजलेले. एक लुईस थॉमस, दुसरा कॉर्नेलच्या मेडिकल कॉलेजातला ॲरन केल्नर. दोघांनीही ही हकीकत मोकळेपणाने सांगितली, याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

दोघेही वेगवेगळ्या कारणांसाठी सशांना पपेन टोचत होते. पपेन म्हणजे पपईच्या चिकातलं एन्झाइम. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो ती याच्यासाठीच, ते प्रथिनं तोडतं. शिरेतून पपेन दिल्यावर काही तासांत सशांचे ताठ कान मऊ पडून दोन्ही बाजूंना लोंबू लागले. कुत्र्याच्या कानांसारखे. ससे बाकी ठणठणीत. तीन-चार दिवसांत कान पुन्हा ताठ.

केल्नरला स्नायूंमध्ये रस होता, विशेषतः हृदयाच्या. पपेनमुळे स्नायूंना होणारी इजा हा त्याचा विषय, आणि त्यात त्याचं काम चांगलं चाललं होतं. कान पडतात हे त्याने पाहिलं. पण कानात असतं काय? कूर्चा. आणि कूर्चा हा निवांत, फारशी घडामोड नसलेला ऊतक, असं तेव्हा सगळेच मानत. त्यामुळे तिकडे बघण्याचं कारण त्याला वाटलं नाही. त्याच्या लॅबमध्ये तर कान किती पडले यावरून पपेनची बाटली किती जोरकस आहे ते जोखत असत! म्हणजे ज्या घटनेत शोध दडला होता, तिची मोजपट्टी करून ते रोज वापरत होते. हे वाचताना मला आपल्या लॅबमधल्या किती तरी गोष्टी आठवल्या. 'त्या मशीनवर पहिलं रीडिंग नेहमी चुकतं, सोडून द्यायचं.' का चुकतं, ते कुणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, थॉमस जास्त चाणाक्ष होता. थांबा. गोष्ट इतकी सरळ नाही. थॉमसला कान पहिल्यांदा पडलेले दिसले तेव्हा तो हरखून गेला, हातातलं काम सोडून मागे लागला. कानांचे काप काढले, नाना रंगद्रव्यांनी रंगवले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काहीच वावगं दिसेना. कूर्चा पाहिली, तीही ठीक वाटली. हाताशी फार ससे नव्हते, आणि दुसरा एक प्रश्न चांगला पुढे सरकत होता. त्याने कानांचा नाद सोडला. म्हणजे पहिल्या फेरीत थॉमसही केल्नरइतकाच नापास झाला.

काही वर्षं गेली. आता थॉमस न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पॅथॉलॉजी शिकवत होता. मुलांना डोळ्यांनी बघता येईल असं काहीतरी दाखवावं म्हणून त्याने सशांना पपेन टोचून कान पाडून दाखवले. आणि या वेळी मुलांसमोर उभं राहून नीट करायचं म्हणून त्याने एक गोष्ट केली, जी आधी केलीच नव्हती. पपेन दिलेल्या सशाच्या कानाचा काप आणि तशाच, त्याच वयाच्या, पपेन न दिलेल्या सशाच्या कानाचा काप शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

फरक लगेच दिसला. पेशी जागच्या जागी होत्या, जखम नव्हती, कुठे काही कुजलं नव्हतं. फक्त कूर्चेच्या पेशींच्या मधला जो भराव असतो, त्याचं प्रमाण घटलं होतं. नुसता एक काप बघून हे कळणं शक्य नव्हतं. कमी झालंय हे कळायला मुळात किती असतं ते डोळ्यांसमोर लागतं. पहिल्या वेळी थॉमस काहीतरी भयंकर बिघाड शोधत होता, कारण पडलेले कान इतके नाट्यमय दिसत होते. आपण कंट्रोल ठेवला नव्हता ही गोष्ट सांगताना त्याला पुढेही लाज वाटत असे. एवढ्या मोठ्या माणसाला कंट्रोल न ठेवल्याची लाज वाटते, आणि आपण 'एकाच सेटसाठी काय कंट्रोल लावायचा' म्हणून पुढे जातो.

१९५६ मध्ये त्याचा पेपर 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन'मध्ये आला. कान पडतात, परत उभे राहतात, आणि कॉर्टिझोन दिलं तर उभे राहणं रोखलं जातं, असं त्यात होतं. निवांत समजली जाणारी कूर्चा चार दिवसांत आपला भराव पुन्हा उभा करते, म्हणजे ती चांगलीच कामसू आहे, हे त्यातून निघालं. पुढे जास्त प्रमाणात दिलेल्या अ जीवनसत्त्वाचा कूर्चेवर असाच परिणाम होतो, हे त्याने आणि इतरांनी दाखवलं.

आता तुम्हीच सांगा, यात अपघात कोणता? कान पडणं? ते तर दोघांच्याही लॅबमध्ये रोज होत होतं. मला विचाराल तर खरे अपघात पडद्यामागे आहेत. एका वेळी ससे कमी होते, दुसऱ्या वेळी होते. एकाचं मुख्य काम छान चाललं होतं, म्हणून त्याला आडवाटेला जायची गरज पडली नाही. आणि एकाच्या वाट्याला शिकवणं आलं. शिकवणीचे तास म्हणजे संशोधनाचा खोळंबा, असं आपण उठता-बसता म्हणतो. मी तर गेल्या सेमिस्टरला प्रॅक्टिकल्स घ्यायला लागली म्हणून महिनाभर कुरकुर केली होती. चाणाक्षपणासुद्धा माणसाच्या डोक्यात जन्मजात भरलेला नसतो. कंट्रोलला पुरतील इतके ससे, थोडा वेळ, आणि नीट करून दाखवायला लावणारं कुणीतरी समोर, यावर तो बराचसा अवलंबून असतो.

मर्टनने १९४८ मध्ये संशोधनातल्या अशा घटनेची तीन लक्षणं दिली होती: ती अनपेक्षित हवी, प्रचलित समजाशी विसंगत हवी, आणि मोक्याची हवी. तिसरं लक्षण मुलाखतीत हमखास विसरलं जातं. लॅबमध्ये अनपेक्षित आणि विसंगत गोष्टी रोज ढिगाने घडतात. त्यांतल्या बहुतेक म्हणजे चुकलेलं पीएच, जुना बफर, नाहीतर सुट्टीच्या दिवशी गेलेली वीज. त्यातली मोक्याची कुठली, हे ठरवायला विषय मुरलेला लागतो. पाश्चरचं ते प्रसिद्ध वाक्य, की योगायोग साथ देतो ती तयारी असलेल्या मनालाच, तुम्ही पोस्टरवर वाचलेलं असेल. ते त्याने १८५४ मध्ये लील इथल्या भाषणात म्हटलं होतं, ओर्स्टेडच्या चुंबकसूचीबद्दल बोलताना. पोस्टरवाले त्यातले 'निरीक्षणाच्या क्षेत्रात' हे शब्द मात्र गाळतात. पाश्चर आयुष्यातल्या संधींबद्दल बोलत नव्हता, बघण्याबद्दल बोलत होता.

एक शंका तुमच्या मनात येईल: मग छापलेल्या पेपरमध्ये हे सगळं का दिसत नाही? कारण पेपर लिहिण्याची रीतच तशी आहे. उद्देश आधी, पद्धत मग, परिणाम शेवटी, जणू सगळं त्याच क्रमाने घडलं. पीटर मेडावर या नोबेल विजेत्या जीवशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये बीबीसीवरच्या भाषणात वैज्ञानिक पेपर ही एक फसवणूक आहे का, असाच प्रश्न विचारला होता. त्याचं म्हणणं, मजकूर खोटा नसतो, पण विचार ज्या वाटेने गेला ती वाट पेपर लपवतो. त्यामुळे पेपर वाचून संशोधन शिकणाऱ्यांच्या हाती दोनच गोष्टी लागतात: सरळ रेषेत चाललेलं शास्त्र, नाहीतर अधूनमधून चमकणारी 'सेरेंडिपिटी'. मधला माग काढण्याचा भाग लॅबच्या वहीत राहतो.

वहीवरून आठवलं. त्या प्रेझेंटेशननंतर मी माझ्या पहिल्या वर्षाच्या वह्या काढून चाळल्या. एका पानावर माझ्याच अक्षरात आहे: 'फ्लास्क १२, रंग वेगळा. कंटॅमिनेशन. टाकला.' फोटो नाही, किती वाजता पाहिला ते नाही, शेजारचे फ्लास्क कसे होते ते नाही. बहुधा कंटॅमिनेशनच असेल. पण 'बहुधा' यापलीकडे मी आता काही बोलू शकत नाही, आणि ते मला अजून बोचतं.

तर त्या तीन एसओपी. पेनिसिलिनवाल्याला मी सांगितलं, फ्लेमिंग ठेव, पण १९२८ च्या त्या प्लेटच्या काही वर्षं आधी लायसोझाइमवर काम करताना त्याने जिवाणू विरघळताना पाहिले होते, तेही लिही. एमएस्सी प्रोजेक्टवाल्या मुलीला मात्र समोर बसवून विचारलं, "नक्की झालं काय होतं?" ती म्हणाली, "वनस्पतीच्या अर्काच्या डिस्कभोवती छान झोन आला होता. पण नुसत्या सॉल्व्हंटच्या डिस्कभोवतीही जवळपास तेवढाच आला. म्हणजे जिवाणू मारत होतं ते सॉल्व्हंटच. ते सेरेंडिपिटीने लक्षात आलं ना, दादा." मी विचारलं, बाकीच्यांनी नुसत्या सॉल्व्हंटची डिस्क ठेवली होती का? "नाही, डिस्क कमी होत्या म्हणून बाकीच्यांनी वगळली. मी माझी एक वाचवून ठेवली."

तिने ते वाक्य खोडलं आणि त्या जागी ही डिस्कची गोष्ट चार ओळींत लिहिली. वेटिंग लिस्टवाल्याला मी 'नशीब' हा शब्द सुचवला. त्याला तो आवडला नाही. त्याने सेरेंडिपिटीच ठेवलाय.